क्ष-किरणगृहातील संयमाची प्रतिष्ठा

मे २०२१ च्या प्रारंभी, करोनाच्या दुसऱ्या लाटेने देश होरपळून निघत असताना, दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे तत्कालीन संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी जाहीर इशारा दिला की, छातीचा एक सी. टी. स्कॅन म्हणजे छातीचे तीनशे ते चारशे साधे एक्स-रे होत. सबब लक्षणे सौम्य असताना तो ऊठसूट काढवून घेऊ नये. रेडिओलॉजिस्ट मंडळींच्या अखिल भारतीय संघटनेने या विधानास तत्काळ हरकत घेतली आणि हा हिशेब जुन्या जमान्यातला असून आजच्या अत्यल्प मात्रेच्या स्कॅनमधून पाच ते दहा एक्स-रेइतकेच किरण शरीरात जातात, असा खुलासा प्रसिद्ध केला. सुरतेसह गुजरातच्या मोठ्या शहरांतून त्या दिवसांत स्कॅन केंद्रांपुढे रांगा लागत होत्या. त्या रांगेत उभ्या असलेल्या सामान्य मनुष्याने या वादातून काय बोध घ्यावा? दोन्ही पक्ष विद्वान, दोन्ही अधिकारी, आणि दोहोंच्या आकड्यांत अंतर मात्र चाळीस पटींचे. वृत्तपत्रांनी दोन दिवस हा वाद चालवला, मग लाट ओसरली आणि वादही ओसरला. परंतु त्या वादाच्या पोटात जो खरा प्रश्न होता, तो कोणीच विचारला नाही. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे असू शकतात, हे मान्य केले की लगेच विचारावे लागते की, अमुक रुग्णाच्या वाट्याला चारशे यावेत की दहा, हे ठरवतो कोण?

आकड्यांची उलगड करून पाहू. किरणांचा शरीरावरील परिणाम मोजण्याचे एकक मिलिसीव्हर्ट. माती, आकाश, अन्न आणि श्वास यांतून निसर्गच दर माणसाला जगाच्या सरासरीने वर्षाकाठी सुमारे २.४ मिलिसीव्हर्ट किरण देत असतो. छातीच्या साध्या एक्स-रेने त्यात ०.०२ ची भर पडते, म्हणजे निसर्गाच्या तीनेक दिवसांच्या देण्याएवढी. छातीच्या नेहमीच्या सी. टी. स्कॅनची मात्रा सहा-सात मिलिसीव्हर्टच्या घरात असते. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या चाळणीसाठी वापरतात ती अल्पमात्रेची पद्धत दीडच्या आसपास भागवते. आणि अत्यल्प मात्रेची पद्धत एका मिलिसीव्हर्टच्या काही दशांशांतच काम उरकते. म्हणजे छाती तीच, चिठ्ठीवरचे तपासणीचे नाव तेच, क्वचित यंत्रही तेच. मात्रा मात्र वेगवेगळी. यंत्र नवे की जुने, याचा वाटा यात मोठा आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु यंत्र एकदा विकत घेतले गेले आणि डॉक्टरांची चिठ्ठी एकदा लिहिली गेली की, त्यानंतरचे बहुतेक निर्णय काचेपलीकडे बसलेल्या एका व्यक्तीच्या हाती असतात. तिला रुग्ण ‘एक्स-रेवाला’ म्हणतात, रुग्णालयाच्या दफ्तरात ती ‘तंत्रज्ञ’ असते, आणि अहवालावर तिचे नाव सहसा कोठेच नसते. रुग्णाच्या किरणमात्रेचा जो कारभार आज आपल्या देशात चालतो, त्याची इमारत या अनामिक व्यक्तीच्या सदसद्विवेकावर उभी आहे. आणि या विवेकाची रीतसर दखल घेण्याची व्यवस्था आपण उभारणार नाही तोवर किरणसंरक्षणाचे बाकीचे सारे नियम कागदावरचे अलंकारच राहतील, असे माझे प्रतिपादन आहे.

हा विवेक म्हणजे नेमके काय, ते पाहिल्याखेरीज त्याच्या सन्मानाची भाषा पोकळ ठरेल. ज्या भागाची तपासणी हवी तेवढ्याच चौकटीत किरणांचा झोत आवळून धरणे, मूल टेबलावर आले की प्रौढांसाठी बसवलेली योजना बाजूला सारून त्याच्या वजनाप्रमाणे मात्रा लावणे, तरुण स्त्रीच्या छातीचा फोटो शक्य तेथे पाठीकडून घेणे, जेणेकरून स्तनांच्या ऊतींवर क्षीण झालेलेच किरण पोहोचतील, पाळी चुकली आहे काय, हा संकोचाचा प्रश्न चारचौघांत न विचारता, पण न चुकता विचारणे, सी. टी. मध्ये रुग्ण कड्याच्या बरोबर मध्यभागी निजवणे, कारण तो वरखाली सरकला तर यंत्राची आपोआप मात्रा ठरवणारी योजना फसते. त्याचे हात डोक्यावर घ्यावयास लावणे, कारण बाजूला पडलेल्या हातांतून पार जाण्यासाठी यंत्र अधिक किरण ओतते. आणि फुप्फुसांची तपासणी फुप्फुसांपाशीच थांबवणे, ‘असू द्या’ म्हणून आणखी वीतभर खाली न नेणे. यांतील एकाही गोष्टीला नवे यंत्र लागत नाही आणि खर्च पडत नाही. लागतो तो मिनिटभर अधिक वेळ आणि मनाची जागरूकता. आणि बाहेर चाळीस माणसे ताटकळत असताना तो एक मिनिट काढणे हीच या व्यवसायातली सर्वांत दुर्मिळ वस्तू आहे.

सुरतेत या जागरूकतेला आणखी एक अंग आहे. या शहराचे श्रमिक बहुतांशी बाहेरून आलेले. १९०० साली ताप्ती व्हॅली रेल्वे सुरतेहून भुसावळच्या बाजूला जाऊन भिडली आणि खानदेशातून सुरतेस येण्याची वाट लोखंडी झाली. तेव्हापासून जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या गावांतून माणसे येत राहिली, आणि आज लिंबायत, उधना, पांडेसरा, दिंडोली या भागांत मराठी आणि अहिराणी घराघरांतून बोलली जाते. त्यांच्याच शेजारी ओडिशाच्या गंजामहून आलेला मागवाला आणि उत्तर प्रदेश-बिहारचा मजूर राहतो. ही सारी मंडळी नवे सिव्हिल हॉस्पिटल आणि महापालिकेचे ‘स्मीमेर’ यांच्या क्ष-किरणगृहांत येतात. तेथे गुजरातीत ‘श्वास रोको’ म्हटलेले एखाद्या वृद्ध ओडिया विणकराला समजले नाही, तर तो नेमका त्याच क्षणी श्वास सोडतो; चित्र हलते; फोटो पुन्हा काढावा लागतो; आणि त्याच्या वाट्याची मात्रा दुप्पट होते. उलट जो तंत्रज्ञ चार भाषांत चार शब्द शिकून घेतो, किंवा स्वतः छाती भरून श्वास घेऊन दाखवतो, तो कोणत्याही महागड्या यंत्राइतकीच मात्रा वाचवतो. हा गुण कोणत्याही पदविकेच्या अभ्यासक्रमात गुणांकित होत नाही. कोणत्याही कंत्राटात त्याचा मेहनताना नाही.

येथे या प्रश्नाच्या गाभ्याशी येऊन पोहोचतो. सद्वर्तनाचे दोन प्रकार असतात: एक ज्याचे फळ डोळ्यांना दिसते, आणि दुसरे ज्याचे फळ म्हणजे काहीतरी न घडणे. शल्यचिकित्सकाच्या हाताचे कौशल्य बऱ्या झालेल्या रुग्णाच्या रूपाने चालत घरी जाते. तंत्रज्ञाने वाचवलेली मात्रा मात्र कोणाच्याच अनुभवाला येत नाही. ती वीस-तीस वर्षांनंतर न झालेल्या कर्करोगात विरून जाते. दहा मिलिसीव्हर्टच्या एका तपासणीने प्राणघातक कर्करोगाची जी जादा शक्यता ओढवते, ती दोन हजारांत एक एवढी मानतात. आणि तीही, अल्प मात्रांनादेखील प्रमाणशीर धोका असतो या, शास्त्राने सावधगिरी म्हणून पत्करलेल्या गृहीतकावर. एका रुग्णाला ही शक्यता नगण्य आहे, आणि गरजेचा स्कॅन तिच्या धास्तीने टाळणे हा वेडेपणा होय; परंतु ज्या नगरात रोज शेकडो स्कॅन निघतात, त्या नगराला ती नगण्य नाही. वाचलेला रुग्ण कोण, हे ना त्याला ठाऊक, ना तंत्रज्ञाला. सुरतेच्या हिऱ्याच्या कारखान्यांत रत्नकलाकाराचे कसब पैलूंच्या चकाकीइतकेच, घासताना न गमावलेल्या वजनात असते; पण तेथे तराजू आहे, आणि वाचवलेल्या वजनाचा मोबदला संध्याकाळी हिशेबात उतरतो. क्ष-किरणगृहात तसा तराजू आपण ठेवलेलाच नाही.

पूर्वी एक ओबडधोबड तराजू होता, आणि तो फिल्मचा. मात्रा अधिक झाली की फिल्म काळी ठिक्कर पडे, कमी झाली की पांढुरकी राही. दोन्ही चुका डार्करूममधून बाहेर येताच साऱ्यांच्या नजरेस पडत आणि फिल्मच्या किमतीमुळे मालकाच्या खिशासही जाणवत. डिजिटल यंत्रांनी हा निष्ठुर पण निःपक्षपाती तपासनीस कामावरून दूर केला. आता मात्रा अधिक झाली तर संगणक चित्राचा उजेड सावरून घेतो, आणि चित्र उलट अधिक स्वच्छ दिसते. मात्रा कमी झाली तर मात्र चित्र दाणेदार होते आणि रेडिओलॉजिस्टची तक्रार येते. परिणामी जादा मात्रेला कोणी बोलत नाही आणि काटेकोर मात्रेला बोलणी खावी लागतात. अशा अवस्थेत मनुष्यस्वभावानुसार आकडे हळूहळू वर चढत जातात. जगभरच्या क्ष-किरणगृहांत ही चढण अनुभवास आली आहे. पडद्याच्या कोपऱ्यात मात्रेचा निर्देशांक उमटतो खरा, पण जो आकडा कोणी विचारत नाही तो असून नसल्यासारखा.

अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय या नामांकित रुग्णालयात २००८-०९ मध्ये जे घडले, ते याच कारणाने घडले. मेंदूच्या रक्तप्रवाहाच्या सी. टी. तपासणीची मांडणी बदलताना चूक झाली आणि सुमारे दीड वर्ष दोनशेहून अधिक रुग्णांना अपेक्षेच्या आठपट मात्रा मिळत राहिली. प्रत्येक वेळी आकडा पडद्यावर उमटत होता. चूक उघडकीस आली ती मात्र एका रुग्णाचे केस गळाले तेव्हा. त्यानंतर कॅलिफोर्नियाने कायदा करून सी. टी. ची मात्रा अहवालात नोंदणे सक्तीचे केले, आणि युरोपीय संघाने २०१३ च्या आपल्या निर्देशात मात्रेची माहिती अहवालाचा भाग ठरवली. शिक्षेची भीती हा या घटनेचा धडा नव्हे. शिक्षा अपघातानंतर जागी होते. तिला आठपट दिसते, दीडपट दिसत नाही. आणि रोजच्या व्यवहारात नुकसान होते ते या दीडपटीचेच.

आपला कायदा याबाबतीत काय म्हणतो? अणुऊर्जा नियामक परिषद १५ नोव्हेंबर १९८३ रोजी स्थापन झाली, आणि तिच्या अमलात क्ष-किरण यंत्राला परवाना, खोलीच्या भिंतींना पुरेशी जाडी आणि कर्मचाऱ्याच्या छातीवर मात्रा मोजणारा टी. एल. डी. बॅज या गोष्टी अनिवार्य झाल्या. तो बॅज दर तीन महिन्यांनी प्रयोगशाळेत वाचला जातो. कर्मचाऱ्यास पाच वर्षांत शंभर आणि कोणत्याही एका वर्षात तीस मिलिसीव्हर्टपेक्षा अधिक मात्रा मिळता कामा नये, असा दंडक आहे. रुग्णास मात्र अशी कमाल मर्यादा नाही, आणि ती नसणेच योग्य आहे; कारण रुग्णाला मिळणारे किरण त्याच्याच लाभासाठी असतात, आणि मर्यादा भरली म्हणून रक्तस्राव शोधणारा स्कॅन नाकारणे म्हणजे वैद्यकीचा खून होय. परंतु त्यातून अशी विचित्र स्थिती उद्भवते की, भिंतीआड उभ्या असलेल्या माणसाच्या किरणांचा पैपैचा हिशेब सरकारदरबारी राहतो, आणि टेबलावर निजलेल्या माणसाच्या किरणांचा हिशेब त्या भिंतीआडच्या माणसाच्या मर्जीवर.

सुरतकरांच्या मनातही अशीच उफराटी विभागणी आहे. शहरापासून सुमारे ८० किलोमीटरवर काकरापारचा अणुवीज प्रकल्प आहे. ११ मार्च २०१६ रोजी त्याच्या पहिल्या अणुभट्टीत गळती झाली, तेव्हा शहरात कुजबुज आणि काळजी पसरणे स्वाभाविक होते. पण अणुवीज केंद्राच्या नित्य कारभारातून आसपासच्या नागरिकाला मिळणारी मात्रा एका मिलिसीव्हर्टच्या अगदी क्षुद्र अंशात असते. आणि तोच नागरिक डोके दुखते म्हणून स्वतःच हट्ट धरून दोन मिलिसीव्हर्टचा डोक्याचा स्कॅन काढवून घेतो, तेव्हा त्याच्या मनाला शंकाही शिवत नाही. मनुष्याने निर्मिलेल्या किरणांपैकी सामान्य माणसाच्या वाट्याला सर्वाधिक येतात ते वैद्यकीय तपासण्यांतून. सुरक्षेबद्दलचा आपला सारा आदर आणि सारी धास्ती मात्र आपण अणुभट्टीच्या घुमटावर खर्च करून बसलो आहोत. औद्योगिक सुरक्षेसाठी अणुऊर्जा खात्याच्या घटकांना पारितोषिके देण्याची प्रथा नियामक परिषदेत आहेच. तिचा हात क्ष-किरणगृहांपर्यंत लांबवावा, एवढेच मागणे आहे.

या मागण्यावर पहिला आक्षेप येईल तो नीतिवाद्यांचा: कर्तव्य पार पाडणाऱ्यास शाबासकी कशाला? पगार कशासाठी मिळतो? आक्षेप वजनदार दिसतो, पण तो व्यवस्था निष्पक्ष आहे असे गृहीत धरतो. वास्तविक बक्षिसाची व्यवस्था आजही चालूच आहे. फक्त ती उलट्या दिशेने चालते. खाजगी केंद्रात दिवसाचे स्कॅन किती, यावर तंत्रज्ञाची किंमत ठरते. सरकारी रुग्णालयात रांग किती लवकर संपली, यावर. वेगाला मोबदला आणि विवेकाला मौन, अशी वाटणी असताना विवेकाची दखल घेणे म्हणजे लाड नव्हे, तर तराजूची दांडी सरळ करणे होय. सुरतेला हे वेगळे सांगावयास नको. १९९४ च्या सप्टेंबरात प्लेगच्या भीतीने माणसे हे शहर सोडून पळाली. पुढच्याच वर्षी महापालिका आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांनी सफाईचे जे काम कोणाच्याच लेखी नव्हते, ते रोज मोजले जाणारे आणि वरिष्ठांच्या नजरेखालचे काम बनवले. आणि स्वच्छ सर्वेक्षण २०२३ मध्ये सुरत इंदूरच्या बरोबरीने देशात पहिली आली. झाडूवाल्याचे कर्तव्य १९९४ पूर्वीही होतेच. बदलली ती त्या कर्तव्याची दृश्यता.

दुसरा आक्षेप व्यवहारज्ञांचा आहे, आणि तो अधिक खोल आहे. मोजमापाला बक्षीस जोडले की मोजमाप भ्रष्ट होते. सर्वांत कमी मात्रा देणाऱ्यास पदक ठेवले, तर उद्या चित्रे इतकी दाणेदार निघतील की त्यांत क्षयाचा डाग हरवेल, आणि तपासणी वाया जाऊन मिळालेली अल्प मात्राही निष्फळ ठरेल. हा धोका खरा आहे, आणि म्हणूनच नीचांकाला पदक देण्याच्या मी विरुद्ध आहे. आंतरराष्ट्रीय किरणसंरक्षण आयोगाने १९९६ साली ‘निदान संदर्भ पातळी’ची कल्पना मांडली, तीत हेच शहाणपण आहे. एखाद्या तपासणीसाठी अनेक रुग्णालयांची नेहमीची मात्रा गोळा करावी, आणि चारांपैकी तीन रुग्णालये जिच्या खाली आहेत ती रेषा संदर्भ म्हणून धरावी. कोणी तिच्या वर गेला तर तो गुन्हेगार नव्हे, त्याने फक्त कारण शोधावे. आणि कोणी फारच खाली गेला तर त्यानेही आपली चित्रे वाचण्यालायक आहेत ना, हे तपासावे. सन्मान व्हावा तो या शोधाचा. फेकून दिलेल्या फोटोंची वही जो प्रामाणिकपणे ठेवतो, प्रत्येकापुढे ‘रुग्ण हलला’, ‘जागा चुकली’, ‘मात्रा चुकली’ असे कारण लिहितो, आणि महिन्याअखेर सहकाऱ्यांसमोर ती उघडतो, तो तंत्रज्ञ सन्मानास पात्र आहे. मग त्याच्या वहीतील चुकांची संख्या शेजाऱ्याच्या कोऱ्या वहीपेक्षा अधिक का असेना.

दिखाऊ दक्षतेपासूनही येथे सावध राहिले पाहिजे. रुग्णाच्या ओटीपोटावर शिशाची झडप ठेवणे हे पिढ्यान्‌पिढ्या काळजीचे चिन्ह समजले गेले. परंतु अमेरिकन वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये ही नित्याची प्रथा सोडून द्यावी असे सुचवले. कारण तिचा लाभ नगण्य, आणि झडप चुकीच्या जागी सरकली तर हवा तो भागच झाकला जातो किंवा यंत्र स्वतःहून मात्रा वाढवते. जे डोळ्यांना दिसते ते नेहमी हितकारक असतेच असे नाही. म्हणून निवड समितीत व्यवस्थापक आणि पुढारी यांच्याऐवजी वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ, रेडिओलॉजिस्ट आणि ज्येष्ठ तंत्रज्ञ असावेत, आणि वशिल्याला दार बंद असावे.

तिसरा आक्षेप श्रेणीचा आहे: चिठ्ठी डॉक्टरांची, जबाबदारी डॉक्टरांची, तंत्रज्ञाने निमूट आज्ञा पाळावी. पण किरणसंरक्षणाचे पहिलेच तत्त्व असे आहे की, तपासणी मुळात आवश्यक आहे काय, हे ठरल्यावाचून किरणांचा प्रयोग करू नये. आणि हाच स्कॅन चार दिवसांपूर्वी दुसऱ्या रुग्णालयात झाला असल्याचे पिशवीतील फिल्म पाहून ज्याला कळते, तो बहुधा तंत्रज्ञच असतो. ‘साहेब, हा परवाच झालेला आहे’ एवढे पाच शब्द उच्चारण्याची मुभा आणि धीर त्याला असेल, तर सबंध तपासणीची मात्रा शून्यावर येते. आणि याहून मोठी बचत कोणतेही यंत्र देऊ शकत नाही. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्याने क्ष-किरण तंत्रज्ञांना नोंदणीकृत व्यावसायिकांच्या पंक्तीत बसवले आहे. ज्याला व्यावसायिक म्हणावयाचे, त्याला प्रश्न विचारण्याचा अधिकारही द्यावयास हवा.

या व्यवसायाला जगाने सन्मान मुळीच दिला नाही, असे नाही. हॅम्बुर्गच्या सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात १९३६ साली क्ष-किरण आणि रेडियम यांपायी प्राण गमावलेल्यांचे स्मारक उभारण्यात आले आणि त्यावर १६९ नावे कोरली गेली. त्यांत डॉक्टर होते, शास्त्रज्ञ होते, परिचारिका आणि तंत्रज्ञही होते. त्या पिढीने आपल्याच हातावर यंत्राची पारख केली, आणि बोटे, हात आणि शेवटी आयुष्ये गमावली. तो हौतात्म्याचा सन्मान होता, आणि तो यथायोग्य होता. आजच्या तंत्रज्ञाला प्राण द्यावयाचे नाहीत, ही प्रगतीच होय. परंतु हौतात्म्याला स्मारक आणि संयमाला विस्मरण, अशी वाटणी टिकवून धरण्याचे कारण नाही. ८ नोव्हेंबर या दिवशी १८९५ साली रॉन्टगेनला क्ष-किरणांचा शोध लागला, म्हणून तो जागतिक रेडिओग्राफी दिन पाळला जातो. त्या दिवशी पुष्पगुच्छ दिले जातात आणि केक कापला जातो. युरोपात रेडिओलॉजी विभागांना सुरक्षित व्यवहारासाठी ‘तारे’ बहाल करण्याची योजना आहे, पण तारा विभागाच्या दारावर लागतो. टेबलाशी वाकलेल्या व्यक्तीच्या नावावर नाही.

तेव्हा करावे काय? पहिली गोष्ट अशी की, प्रत्येक अहवालावर मात्रेचा आकडा आणि तपासणी करणाऱ्या तंत्रज्ञाचे नाव छापले जावे. नाव लागले की कसूर आणि कौशल्य दोन्हींना धनी मिळतो. दुसरी अशी की, महापालिका आणि राज्य शासन यांनी आपल्या रुग्णालयांतील तंत्रज्ञांच्या वार्षिक गोपनीय अहवालात रांगेच्या वेगाबरोबर फेरफोटोंची वही, बालरुग्णांची स्वतंत्र मांडणी आणि रुग्णाशी संवाद यांचा रकाना घालावा, आणि बढतीत तो मोजावा. कंत्राटी कर्मचाऱ्याच्या बाबतीत नूतनीकरणाच्या वेळी तो पाहावा. तिसरी अशी की, पारितोषिक द्यावयाचेच तर ते एका चढाओढीच्या विजेत्याला न देता, ठरावीक पात्रता गाठणाऱ्या प्रत्येकाला प्रमाणपत्र म्हणून द्यावे, जेणेकरून एकाच्या गौरवाने दहांचा हिरमोड होणार नाही.

या तिन्ही गोष्टी शासनाच्या अखत्यारीतल्या आहेत आणि शासन सावकाश चालते. चौथी मात्र आपल्या हातची आहे, आणि बाकीच्या तिन्हींना गती देण्याचे सामर्थ्य तिच्यातच आहे. रुग्णाने विचारू लागावे: हा स्कॅन का हवा, पूर्वीच्याने भागणार नाही काय, आणि माझ्या तपासणीची मात्रा किती आली? साडीच्या पोताविषयी आणि हिऱ्याच्या वजनाविषयी जे शहर इतके चोखंदळ आहे, त्याने आपल्या शरीरात शिरलेल्या किरणांविषयी एवढे बेपर्वा असावे, हे शोभत नाही. ज्या दिवशी रुग्ण हा आकडा मागू लागेल, त्या दिवशी तो आकडा काटेकोर राखणाऱ्या तंत्रज्ञाला पहिल्यांदा ग्राहक लाभेल. आणि ज्या कामाला जाणता ग्राहक लाभतो, त्याची प्रतिष्ठा वाढवण्यासाठी पदकांची वाट पाहावी लागत नाही.